उशिरा पडलेली उडी

परखडराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते वाचकांनी ठेवलं, आणि त्यानंही आढेवेढे न घेता हारासारखं गळ्यात घालून घेतलं. बातम्यांच्या एका वेबसाइटवर तो नव्या व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचा. आधी जमेच्या बाजू, मग लंगड्या बाजू आणि शेवटी दहापैकी गुण. जमेच्या बाजू वाचतो कोण? लोक थेट लंगड्या बाजूंवर जायचे, कारण तिथे परखडराव अशी काही सालटी काढायचा की वाचणाऱ्याला सकाळचा चहा जास्तच गोड लागावा.

'उडालं धुणं' हा गेम दोन बहिणींनी मिळून केला होता. थोरली संगणकाचं सगळं बघायची, धाकटी चित्रं काढायची आणि त्यांना चालवायची-हलवायची. गोष्ट एवढीशीच. वारा सुटतो, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे उडतात आणि एक ठेंगणीठुसकी म्हातारी काखेत टोपली मारून या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या घेत ते गोळा करते. परखडरावानं हा गेम घरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर खेळून पाहिला. बटण दाबलं की म्हातारी आधी ढिम्म, मग उडी. तोवर गच्ची संपलेली असायची. धप्पकन खाली! असं चारपाचदा झाल्यावर त्याचं डोकं फिरलं, आणि डोकं फिरलं की त्याला फार छान सुचायचं. त्यानं लिहिलं, "ही म्हातारी उडी मारण्याआधी घरी विचारून येते." दहापैकी तीन.

झालं! ते वाक्य जे सुटलं ते सुटलंच. ज्यांनी गेम कधी पाहिला नव्हता तेही ते एकमेकांना पाठवू लागले. ऑफिसातली लिफ्ट उशिरा आली तरी कुणीतरी म्हणायचं, "घरी विचारायला गेली असेल." संपादकबाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या दोन बहिणींचं काय झालं, हे काही कुणी विचारलं नाही, आणि परखडरावाच्याही ते मनात आलं नाही.

पुढे एका दुपारी ऑफिसात नव्यानं लागलेली एक सहकारी त्याच्या टेबलाशी आली. "सर, ती तुमची फेमस म्हातारी दाखवा ना एकदा."

त्याला काय, हवंच होतं. बहिणींनी परीक्षणासाठी पाठवलेला गेम त्याच्या लॅपटॉपवर तसाच पडून होता. त्यानं तो सुरू केला, चार जण गोळा होऊ दिले आणि ऐटीत बटण दाबलं. "आता बघ हं गंमत."

म्हातारीनं गुडघे दुमडले आणि टुणकन उडी मारली. बटण दाबल्या दाबल्या. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा टुणकन.

"पटकन उडते की ही!" ती सहकारी म्हणाली.

"नंतर दुरुस्त केलेलं दिसतंय," परखडराव म्हणाला आणि वर हसलाही. शुद्ध थाप! गेम तोच होता, त्याला कुणी हात लावलेला नव्हता, हे त्याच्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं.

घरी जाऊन त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला. म्हातारी ढिम्म. मग रिमोट घेऊन तो टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरला आणि तिथे त्याला सापडलं. चित्र गुळगुळीत करायची सोय चालू होती. टीव्ही प्रत्येक चित्र आधी घासूनपुसून घेई आणि मगच दाखवी. सिनेमाला त्यानं काही बिघडत नाही. गेमचा मात्र सत्यानाश होतो, आणि गेम खेळणाऱ्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"हे कुणी चालू केलं?" तो ओरडला.

बायको कपाट आवरत होती. "कुणी म्हणजे? तूच. आई राहायला आल्या होत्या तेव्हा चित्र हलतं म्हणाल्या, तर केवढ्या रुबाबात लावून दिलंस! मी विचारलं तर म्हणालास, तुला नाही कळायचं यातलं."

नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे पुष्कळ असतात. इथे अंगण खरंच वाकडं होतं, फक्त ते याच्या स्वतःच्या घरचं होतं.

त्यानं ती सोय बंद केली आणि खेळायला बसला. म्हातारी उडण्याआधी गुडघे दुमडायची, टोपली कमरेला घट्ट धरायची, एक इवलासा श्वास घ्यायची आणि मग हवेत. आपल्या आजीनं उंबरा ओलांडावा तशी. इतकी जिवंत उडी त्यानं इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. शेवटची गच्ची येईपर्यंत तो जागचा हलला नाही, आणि मग त्याला लाज वाटली. कानशिलं तापली, बायकोकडे बघवेना. ऑफिसात मारलेली थाप तर त्याहून जास्त टोचत होती.

तो माफीनामा लिहायला बसला. "काही तांत्रिक कारणांमुळे," अशी सुरुवात केली.

बायकोनं मागून वाचलं. "तांत्रिक कारण म्हणजे कोण? तू का?"

"अगं, जरा रीतसर नको का लिहायला?"

"चुकलो म्हणायला रीत कशाला लागते रे? आणि आधी त्या पोरींना सांग. जगाला काय, मग सांगता येईल."

त्यानं थोरलीला फोन लावला. ती शिव्या घालेल अशी त्याची तयारी होती. ती मात्र त्याचं नाव ऐकताच खूश झाली.

"सर, बरं झालं तुम्हीच फोन केलात! तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते. तुम्ही म्हणालात तसं केलं आम्ही."

"कसं?"

"उडीआधीचं सगळं काढून टाकलं. ते गुडघे, तो श्वास. आता बटण दाबलं की डायरेक्ट हवेत. खरं सांगू का, आमच्या कॉम्प्युटरवर ती बरोबरच दिसत होती. पण म्हटलं, सरांचं आयुष्य गेलंय यात, आपल्यालाच दिसत नसेल. धाकटीनं फार जीव लावून केलं होतं ते. आधी नाहीच म्हणाली. मग एक दिवस स्वतःच बसली आणि पुसून टाकलं. लोक आता म्हणतात, म्हातारी बाहुलीसारखी उडते. पण हळूहळू आवडेल, नाही का?"

"तुमचं काहीच चुकलेलं नव्हतं," परखडराव कसाबसा म्हणाला. "माझ्या टीव्हीत घोळ होता. तो मीच घातलेला. आजच छापतो मी हे."

थोरली हलक्या आवाजात म्हणाली, "सर, हे तुम्हीच सांगाल तिला? मी सांगितलं तर समजूत काढतेय असं वाटेल."

फोन हातातून हातात गेला.

"सर!" धाकटीचा आवाज आला, उत्सुक, थोडा घाबरलेला. "आता तरी जमली ना उडी?"

"नाही," तो म्हणाला. "आधीचीच बरोबर होती. चूक माझी होती."



"मला दिसत होतं, सर," ती म्हणाली. "मला दिसत होतं, तरी मी तुमचं ऐकलं."