कवड्यांत मांडलेलं ग्रहण

मी एक जुनी कवडी आहे. समुद्राने मला किनाऱ्यावर टाकलं आणि या हातातून त्या हातात फिरत मी कावेरीकाठच्या एका गावी, वेंबु अय्यर या ज्योतिषांच्या पिशवीत येऊन पडले.

मित्रांनो, अय्यर आम्हा कवड्यांना आकड्यांच्या जागी सारवलेल्या जमिनीवर मांडत आणि श्लोक पुटपुटत एकेकीला सरकवत. चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला, त्यावरून तिथी निघे. ती कधी भर दुपारी संपे, तर कधी दोन सूर्योदयांच्या मधेच येऊन जाई. वर आभाळात ते दोघे चालत आणि खाली वीतभर जागेत आम्ही त्यांच्या मागोमाग सरकत असू. त्याचं मला वाटणारं नवल कधी सरलं नाही.

एकदा गावातले व्यापारी चोक्कलिंगम चेट्टियार लेकीच्या लग्नासाठी आवणी या तमिळ महिन्यातल्या, श्रावणाच्या सुमाराच्या पौर्णिमेचा मुहूर्त मागायला आले. ती उलटली की जावई रंगूनच्या बोटीत बसणार होता.

"त्या दिवशी ग्रहणाची शंका येते," म्हणत अय्यर गणिताला बसले आणि निम्म्यावरच कोसळले. अर्धांगवायू झाला होता. जीव वाचला, पण वाचा गेली.

चेट्टियार पुन्हा दारात आले, तेव्हा अय्यरांची सून कोदै ओले हात पुसत पुढे झाली. तांदूळ निवडता निवडता तिने सगळे श्लोक ऐकले होते.

"मी मांडू का, मामा?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"अगं बाई," चेट्टियार म्हणाले, "सांबारात मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. लग्नाचं तसं असतं का?"

अय्यरांनी डाव्या हाताने पिशवी तिच्याकडे सरकवली.

कोदैने आम्हाला जमिनीवर मांडलं. श्लोक कुठेच अडखळला नाही. एकदाच अय्यरांनी खाटेवरून वाकून मला शेजारच्या रांगेत नेलं. तिने मान डोलावली आणि पुढे चालू ठेवलं.

"ग्रहण आहे. चंद्र ग्रासलेलाच उगवेल. लग्न अलीकडे, तृतीयेला घ्या."

"आणि नाही लागलं तर?"

"तर माझ्या हातचं पाणी पिऊ नका."

चेट्टियारांनी कुरकुरत तारीख बदलली. लग्न पार पडलं.

पौर्णिमेच्या सांजेला सारं गाव नदीकाठी जमलं. कोदैने मला मुठीत घट्ट धरलं होतं. माडांमागून चंद्र वर आला, एका कडेने कुरतडलेला. चेट्टियारांनी हात जोडले. चंद्राला की कोदैला, कळलं नाही.

ती धावत घरी गेली. "मामा, लागलं."

अय्यरांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

मित्रांनो, आता मी एका बरणीत पडून असते. मला जपा असं मी म्हणत नाही. समुद्रात कवड्या पुष्कळ आहेत. पण घरात कुणी गुणगुणत काही मोजत असेल, तर जवळ जाऊन बसा. त्याला वाचा आहे तोवर ऐकून घ्या.