ओंडक्यात रोवलेला चाकू

एकोणीसशे चौसष्ट साल. कोरेगावच्या शाळेतल्या आम्ही आठजणी गाइडच्या शिबिराला मलकापूरच्या माळावर गेलो होतो. सामानाच्या यादीत एक चाकू होता. बाकीच्यांनी बाजारातले घडीचे आणले. माझा गावच्या नाथाजी लोहारानं ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्यापासून घडवलेला. वीतभर सरळ पातं, बाभळीची मूठ.

"लोखंड मुठीतनं आरपार घेतलंय," तो म्हणाला होता. "वर धोंडा घातलास तरी हलायचं न्हाई."

शेवटच्या दिवशी स्वयंपाकाची शर्यत होती. पिठलं, भात, वांग्याची भाजी. जो तंबू पहिला, तो पुण्याच्या मेळाव्याला जाणार. आमच्यातल्या एकीनंही पुणं पाहिलेलं नव्हतं. सकाळपासून कुणाला चहा गोड लागला नाही.

शिट्टी झाली. मी चाकूनं लाकडाच्या ढलप्या काढल्या, चूल झटक्यात पेटली. मग कांदे-वांग्यांची पाटी पुढ्यात आली आणि माझं घोडं अडलं. घरी सगळं विळीवर चिरायचं. चाकू हातात धरून कांदा कधी कापलाच नव्हता. शेजारी सांगलीच्या मुलींचा पाट वाजत होता, सटासट.

"माले, कांदा कापतीस का त्याची समजूत घालतीस?" आमची म्होरकी आक्काताई खेकसली.

मी चाकूचं टोक बाभळीच्या ओंडक्यावर टेकवलं, धार माझ्याकडं केली आणि मुठीवर दगडाचे चार घाव घातले. पातं ताठ रुतलं. ओंडक्यावर पाय दाबून बसले, दोन्ही हातांत कांदा धरला. झाली की विळी! फोडी टपाटप परातीत पडायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते.

"बाई, ह्यांनी इळी आणलीया," सांगलीची एक मुलगी ओरडली. "यादीत न्हाई ती."

पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई लगबगीनं आल्या. आक्काताईनं भाजी फोडणीला टाकली. बाईंनी मूठ धरून ओढली. चाकू निघेना. पदर खोचून, पाय लावून पुन्हा ओढला, तेव्हा कुठं सुटला आणि बाई मटकन खाली बसल्या.

बसल्या बसल्याच त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

"चाकूच आहे," त्या म्हणाल्या. "कसा धरायचा, ते यादीत लिहिलेलं नाही."

आमचं ताट पहिलं गेलं. मी कांद्याच्या हातांनीच आक्काताईला मिठी मारली आणि ती मला ढकलत म्हणाली, "हात धू आधी. पुण्याला काय अशीच येणार हायस व्हय?"