अवजारांची पिशवी

चावीवाल्याची बायको पोलीस चौकीत आली ती ताठ मानेनं. नवऱ्याची अवजारांची पिशवी तिनं छातीशी धरली होती. आकडे, कानशी, बारीक तारा, सगळं तेल लावून लखलखीत पुसून आणलं होतं. कारागिराची अवजारं गंजकी दिसली, तर त्याच्या शब्दाला किंमत कोण देणार?

सकाळी शेजारच्या म्हातारीची किल्ली हरवली, म्हणून तो हातातला चहा ठेवून तसाच गेला आणि तिच्याच केसांतल्या पिनेनं तिचं कुलूप उघडत बसला. गस्तीवाल्यांनी तिथूनच उचललं. म्हातारी घसा फोडून सांगत होती, घर माझं आहे. ऐकतो कोण? घरफोडीविरुद्ध नवा कायदा आला होता, आणि कायदा नवा असला की हात शिवशिवतात.

"साहेब, हे बघा." तिनं पिशवी टेबलावर रिकामी केली. "चोर असते, तर इतकी वर्षं बाजारात उघड्यावर बसले असते का?"

फौजदार भला माणूस. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग कपाळाला हात लावला.

"वहिनी, काय केलंत हे? एका पिनेवर काही टिकलं नसतं. संध्याकाळी सोडणारच होतो. आता ही अवजारं बाळगणं हाच गुन्हा झालाय. जामीन नाही."

"अहो, धंदाच आहे तो त्यांचा."

"हेतू विचारायचा नाही, असं कायद्यातच लिहिलंय. आणि पिशवी तुम्ही आणलीत. म्हणजे तुम्हीसुद्धा."

"बघितलंच नाही असं समजा ना."

फौजदारानं छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. फक्त फुफाटा तिनं स्वतः घरून आणला होता, तोही पुसून.

हवालदारानं तिला बायकांच्या कोठडीत घातलं. कुलूप मात्र लागेना. त्यानं हिसडे दिले, शिव्या घातल्या. तेव्हा भिंतीपलीकडच्या कोठडीतून ओळखीचा आवाज आला.

"ओढू नका, हवालदारसाहेब. कडी जरा वर उचला, मग फिरवा. जुन्या कुलपाला मायेनं घ्यावं लागतं."

आवाजात तीच बाजारातली ऐट होती. तिच्या ओठांवर हाक आली. पण आपण कोणाला कोंडायला मदत केली हे त्याला कळलं, तर तो जिवंतपणी मरेल. तिनं तोंडावर हात घट्ट दाबून धरला.

"लागलं ना?" त्यानं विचारलं.

"लागलं," हवालदार म्हणाला.