उत्तमरावांची शेवटची प्रकरणं

कादंबरी वाचायची म्हटलं की उत्तमराव आधी हातपाय धुवायचे. पोथीसाठी धुतले तर कोणी काही म्हणत नाही, पण कादंबरीसाठी धुणारा माणूस उभ्या अमरावतीत हा एकच असावा. सकाळभर शेवंतीच्या आणि वांग्यांच्या वाफ्यांना पाणी द्यायचं, दुपारी जेवायचं, मग पाय स्वच्छ धुवून पाटावर बसायचं आणि शेजारच्या अब्दुल रहीम सुताराने करून दिलेल्या लाकडी रेहलवर, म्हणजे पोथी ठेवायच्या घडीच्या तिवईवर, पुस्तक उघडायचं. अब्दुल रहीम कुराणासाठी रेहली करायचा. उत्तमरावांनी मागितली तेव्हा त्याने विचारलं, "कोन्ती किताब ठेवसान?" उत्तमराव म्हणाले, "मोठी ठेवीन." तेवढ्यावर त्याने सागवानाची चांगली जाड रेहल करून दिली आणि पैसे घ्यायचं साफ नाकारलं.

अकोल्याच्या शाळेत मास्तरीण झालेल्या वच्छलाबाईंना आज चाळिशीकडे झुकताना वडील आठवतात ते असे, ओल्या पायांनी पाटावर बसलेले. चार बुकं शिकलेला हा बागवाला गावातल्या वाचनालयाचा सर्वांत कडक वाचक होता. बारीक पुस्तक त्यांना चालायचं नाही. दीडशे पानांच्या आत जो लेखक आटोपतो त्याला सांगायलाच काही नसतं, असं त्यांचं मत होतं आणि ते कोणाच्या बापाला बदलता आलं नाही. चित्रांचं पुस्तकही नको, कारण चित्रकार नायिकेचं तोंड आधीच ठरवून टाकतो. प्रस्तावना अगदी शेवटी. लेखकाची ओळख आधी झाली की त्याला नावं ठेवायची भीड पडते म्हणे. मात्र पहिल्या पानांत शुद्धिपत्र असलं की पेन्सिल कानावरून काढून ते पानापानांवर जाऊन एकेक चूक दुरुस्त करायचे, मगच वाचायला लागायचे. वाचनालयाच्या कारकुनाने त्यावरून त्यांना दोनदा बोल लावला होता. उत्तमराव त्याला म्हणाले, छापणाऱ्याने स्वतः कबूल केलेली चूक तशीच ठेवणं बरोबर नाही.

वाचन मोठ्यानं व्हायचं. ओसरीवर गंगूबाई, म्हणजे वच्छलाची आई, संध्याकाळच्या बाजारासाठी हार गुंफत बसलेली असायची. अब्दुल रहीमची बायको हाजराबी तिच्या मदतीला यायची. मधे फुलांची टोपली आणि टोपलीला टेकून वच्छला. पुस्तक वाचताना उत्तमरावांचा आवाजच बदलायचा. एरवी भाजीच्या ढिगावर उभं राहून ओरडणारा हा माणूस, पण छापील ओळ समोर आली की 'मला', 'तुला', 'पाणी', 'कोण' असं एकेक अक्षर तोलून मापून म्हणायचा. पुण्याचं पुस्तक पुण्यासारखंच वाचावं, हा त्यांचा धर्म होता. हाजराबी तोंडाला पदर लावून हसायची, पण कान टवकारून ऐकायचीही तीच.

आणि काय सुख होतं त्या कादंबऱ्यांत! घरातून हाकललेल्या सुना, हरवलेले नवरे, क्षयानं खंगलेल्या मुली, सगळ्यांची दैना व्हायची, पण शेवटच्या प्रकरणात सगळं नीट व्हायचं. नवरा वेळेवर पोचायचा. ताप उतरायचा. हरवलेलं मूल सापडायचं. आणि शेवटी सगळे मिळून पोटभर जेवायचे. वच्छलाला लहानपणी वाटायचं, पुस्तकं लिहिणारे लोक फार कनवाळू असावेत. कादंबरी संपली की उत्तमराव लगेच पहिलं पान उघडून पाच ओळी वाचायचे आणि मगच पुस्तक मिटायचे. पोथी वाचून संपली असं म्हणू नये म्हणून तसं करतात. कादंबरीला तो नियम कोणी लावला नव्हता, त्यांनी आपल्या मनानं लावला.

वच्छला शिकली, ट्रेनिंग झालं, आणि सन चौतीसच्या उन्हाळ्यात तिला अकोल्याच्या मुलींच्या एका शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. बडनेऱ्याला गाडी बदलून ती एकटी गेली. कमिटीत तिघं होते. दोघांनी गणित विचारलं, व्याकरण विचारलं. तिसरे वकील होते, त्यांनी हसत हसत आवडती कादंबरी विचारली. वच्छलाची कळी खुलली. तिने हेमांगीचं नाव सांगितलं. हेमांगी ही त्या काळच्या एका फार खपलेल्या कादंबरीची नायिका. संशयी नवऱ्याने टाकलेली ही पुण्याची पोर भाड्याच्या खोलीत आजारी पडते, इथवर वच्छलाने बरोबर सांगितलं. मग वकिलांनी शेवट विचारला.

"नवरा पोचतो," वच्छला म्हणाली. "टांगेवाला त्याला जवळच्या वाटेने आणतो. येताना त्याने संत्र्यांची पिशवी आणलेली असते. हेमांगी उठून बसते, आणि दुसऱ्या दिवशी ती दोघांसाठी पातोडीची भाजी करते."

वकिलांनी चष्मा काढला. "पुण्यात पातोडी? ती तर आपल्या वऱ्हाडातली भाजी," ते म्हणाले. मग तिघेही हसायला लागले, आणि ते हसू काही लवकर थांबेना. "बाई, हेमांगी मरते. तिचा नवरा येतो तेव्हा तिला नेऊन झालेलं असतं. सबंध महाराष्ट्र रडला त्यावर. तुम्ही पुस्तक वाचलंय की कोणाकडून ऐकलंय?"

न वाचलेलं पुस्तक वाचलं म्हणणारी मास्तरीण त्यांना नको होती, आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. (अकोल्यातल्याच दुसऱ्या एका शाळेत तिला पुढे नोकरी मिळाली, ती नंतरची गोष्ट.) वच्छला तिथून निघाली ती थेट ताजनापेठेतल्या एका पुस्तकांच्या दुकानात गेली. खाणावळीसाठी ठेवलेल्या पैशांत तिने हेमांगीची प्रत घेतली आणि परतीच्या गाडीत शेवटचं प्रकरण वाचलं. हेमांगी खरोखर मरत होती. 'पाणी' एवढा एकच शब्द बोलून, एकटी, भाड्याच्या खोलीत. वच्छलाला रडू आलं नाही. तिला राग आला. आपण कादंबरी कधी स्वतः वाचलीच नाही, नुसती ऐकली, आणि ते सगळं वाचन एका माणसाने बसल्या जागी रचलेलं आहे, हे तिला बडनेऱ्याच्या फलाटावर कळलं आणि अंगाचा नुसता भडका उडाला.

उत्तमराव विहिरीजवळ वाफ्याचं दार मोडून पाणी आत सोडत होते. वच्छलाने पुस्तक त्यांच्यासमोर धरलं.

"बाबा, हेमांगी मरते."

उत्तमरावांनी खोरं खाली ठेवलं. पुस्तकाकडे पाहिलं, हात मातीचे म्हणून ते घेतलं नाही. "मरते," ते म्हणाले.

"आन् बाकीच्या?"

"बाकीच्याबी मरतात. पुन्याचे लोक लय मारतात वो पोरी. मी काय करू?"

"माह्यं हसू झालं तिथं. नोकरी गेली. तुमी काहून असं केलं?"

उत्तमराव वाफ्याच्या बांधावर बसले. मग त्यांनी सांगितलं. वच्छलाच्या आधी गंगूबाईला तीन मुलं झाली होती आणि तिन्ही गेली होती, हे वच्छलाला ठाऊक होतं, पण त्याबद्दल घरात कधी शब्द निघत नसे. तिसरं गेलं त्या वर्षी उत्तमरावांनी वाचनालयातून पहिली कादंबरी आणली. बायकोचं मन रमावं एवढाच हेतू. तिच्यात शेवटी एक तान्हं मूल मरत होतं. त्यांना काय माहीत, त्यांनी सरळ वाचलं. गंगूबाईने सुई खाली ठेवली आणि दोन दिवस अन्नाला शिवली नाही.

"तवापासून मी आधी शेवट पाहून घेतो," ते म्हणाले. "मरन असलं का तिथून पुढं मी माह्या मनानं सांगतो. पोथी कोनी मरनावर मिटते का? तू रागावली त हक्कानं रागाव. पन मायसमोर हे नको वाचू. माय मोडन तुही. म्हातारपनी मोडली त पुन्हा नाई उभी राहनार."

वच्छला ऐकून घेऊन घरात गेली. पण राग अजून जागेवर होता. वीस वर्षं फसवलेलं माणूस एका विहिरीकाठच्या गोष्टीनं विरघळतं थोडंच? आईलाही खरं कळलं पाहिजे, असं तिने मनाशी घेतलं. आपण आईच्या भल्याचं करतोय असंही तिने स्वतःला पटवलं. पण खरं सांगायचं तर तिला बापाला खाली पाहायला लावायचं होतं. पुढे कित्येक वर्षं वच्छलाबाईंना त्या दिवसाची लाज वाटत आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर टोपली आली, हाजराबी आली, हार सुरू झाले. वच्छला हातपाय न धुताच पाटावर बसली आणि तिने रेहलवर पुस्तक उघडलं. "माय, आज मी वाचते. हेमांगीचं शेवटचं."

उत्तमराव दारात उभे होते. त्यांनी चौकट घट्ट धरलेली वच्छलाला दिसली. तरी तिने सुरुवात केली. खोलीचं वर्णन झालं, दिव्याचं झालं, हेमांगीच्या खोकल्याचं झालं. मग तो शब्द आला. "'पाणी,' हेमांगी क्षीण स्वरात म्हणाली," एवढं वाचून वच्छला थांबली. आई समोर बसलेली, तिचे ते शेवंतीच्या देठांनी हिरवे झालेले हात, आणि पुढची ओळ अशी. तिला ती वाचवेना. पुस्तक मिटावं असं तिच्या मनात आलं.

"वाच ना," गंगूबाई म्हणाली. सुई चालूच होती. "आता मरन ते. नाई का?"

उत्तमराव दारातून दोन पावलं पुढे आले. "तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले काहून पाहिजे? मले का कान नाई?" गंगूबाईने दोरा दाताने तोडला. "पुस्तकातली बाई 'पाणी' मांगते. तुमची बाई 'पानी' मांगते. पुस्तकातली 'मला' म्हनते, तुमची 'मले' म्हनते. वाचता वाचता बाई आपल्यासारखी बोलाले लागली, का मी समजो, हे मेली आता. इथून पुढं तुमचं."

हाजराबीने मान हलवली. "मेरेकू भी मालूम था, भाई. पुन्याची औरत पातोडी करते काय?"

वच्छलाला वाटलं, काल ज्यावर तीन परके हसले, ते या दोन निरक्षर बायकांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. शिकलेली तेवढी आपण एकटी, आणि आपल्यालाच ऐकू आलं नाही.

"मंग बोलली काहून नाई?" उत्तमरावांनी विचारलं. "इतके वर्स ऐकून राहिली. मी तुह्यासाठीच करत होतो."

"मले वाटे, तुमाले पाहिजे असन." गंगूबाईने पहिल्यांदा हातातला हार खाली ठेवला. "तिसरं गेलं तवा तुमी आठ दिस मळ्यातून घरी आले नाई. मी जेवली नाई ते का त्या पुस्तकाच्या पोरासाठी? ते वाचताना तुमचं तोंड पाह्यलं मी. मंग तुमी त्याइले जितं करू लागले, तुमच्या तोंडावर जरा उजेड दिसू लागला. म्हनलं, असू दे. मी रडली असती त तुमी पुन्हा वाचलं नसतं."

उत्तमराव खाली बसले. पाटावर नाही, तसेच जमिनीवर, बायकोच्या समोर. वीस वर्षं दोघंही एकमेकांना सांभाळत बसली होती, आणि त्यात तीन लेकरांसाठी एकत्र रडायचं राहूनच गेलं होतं. वच्छलाचा राग कुठल्या कुठे गेला. आपण या दोघांच्या मधे पुस्तक घेऊन कशाला आलो, असं तिला झालं.

मग उत्तमरावांनी हात पुढे करून रेहल स्वतःकडे ओढली. मातीचे हात धुवायचंही त्यांना सुचलं नाही. बोट ओळीवर ठेवून ते वाचू लागले, आपल्या त्या तोललेल्या, ठेवणीतल्या आवाजात, एक अक्षर न बदलता. हेमांगीने पाणी मागितलं. कोणी आलं नाही. पहाटे ती गेली. नवरा आला तेव्हा खोली झाडून रिकामी केली होती. 'समाप्त' या शब्दापर्यंत ते थांबले नाहीत, आणि पुस्तक मिटण्याआधी त्यांनी या वेळी पहिलं पान काही उघडलं नाही.

गंगूबाई रडत होती. हाजराबीने तिला जवळ ओढलं. उत्तमरावांनी डोळ्यांवर हात घेतला आणि पहिल्या मुलाचं नाव उच्चारलं. वच्छलाने ते नाव जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग गंगूबाईने दुसऱ्याचं घेतलं. तिसऱ्याचं बारसं व्हायचं राहिलं होतं, त्याला दोघं बाळच म्हणाली. टोपलीतली फुलं तशीच राहिली, आणि त्या संध्याकाळी अंबागेटच्या बाजारात उत्तमरावांचे हार गेले नाहीत.