डावी बाजू

"सीताफळं हायत का ही?" गीताबाईंनी चष्मा वर सरकवत विचारलं.

"पेशी आहेत, काकू. आजारी माणसाच्या अंगातल्या," शिवानी म्हणाली. "लाकडावर कोरून कागदावर छापल्यात."

"दुखण्याची चित्रं? काय बाई एकेक!"

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात शिवानीच्या छापचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. होणाऱ्या सुनेचं कौतुक बघायला गीताबाई परळीहून मुद्दाम आल्या होत्या. सुपारी फुटली होती, लग्न वैशाखात होतं. शिवानीची आई शिवकांता मागे भिंतीला पाठ लावून उभी होती. समोर जे टांगलं होतं ते तिच्याच अंगातलं होतं, आणि विहीणबाईंना तेच कळू द्यायचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी लातूरला कॅन्सरपायी तिचा डावा स्तन काढला. त्यांच्या गावी, सिरसाळ्यात मात्र पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. ही बातमी तिच्या नवऱ्यानं, भीमाशंकरनं, किराणा दुकानात बसल्या बसल्या साखरेच्या पुड्यांबरोबर गावभर बांधून दिली.

"पोरीचं लगीन होऊस्तर तोंड उघडायचं न्हाई," त्यानं बजावलं. "आईला झालं म्हणल्यावर पोरीलाबी व्हतंय म्हणतील."

एवढं बोलून तो मोकळा झाला. अडकली ती. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची घडी करून ती ब्लाउजमध्ये घालू लागली. उन्हाळ्यात तिथं घाम साचून आग व्हायची. भाचीच्या लग्नालासुद्धा ती गेली नाही, कारण लग्नघरी बायका एकाच खोलीत साड्या बदलतात. शिवकांताबाईला गर्व चढला, असं बहीण म्हणाली. तिनं ते ऐकून घेतलं. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी लहानपणापासून छातीला लागलेली असायची, ती आता चिंध्यांवर टेकायची. रोज पूजेला बसलं की तिला त्याचंच फार वाईट वाटायचं.

शिवानीनं तपासणीतले पेशींचे फोटो मागितले तेव्हा ती घाबरलीच होती. "ओळखू येणार नाही, आई, माझ्यावर सोड," पोरीनं शब्द दिला होता.

गीताबाई शेवटच्या चित्रापाशी थांबल्या. एका बाईचं उघडं अंग होतं. एका बाजूला स्तन, दुसऱ्या बाजूला नुसता आडवा वण. चेहरा कोरलाच नव्हता. गळासुद्धा मोकळा होता, लिंगाशिवाय.

"आगं आगं, बिचारी! कोण हाय ही?"

"कुणी नाही," शिवानी पटकन म्हणाली. "मनानं काढलंय."

"चला विहीणबाई, च्या गार व्हायलाय," दाराशी उभा असलेला भीमाशंकर घाईनं म्हणाला.

कुणी नाही. शिवकांता चित्राकडे बघतच राहिली. ओकाऱ्या, गळलेले केस, रात्र रात्र जागणं, सगळं तिनं निमूट सोसलं होतं, आणि भिंतीवरही ती कुणी नव्हती. त्यात वण बाईच्या उजव्या अंगाला काढलेला. तिला असा संताप आला की पदर, परळी, वैशाख, कशाचंच भान राहिलं नाही.

"उजवीकडं कावून काढलंस गं?" ती मोठ्यानं म्हणाली. "डावीकडं हाय ना ते!"

शिवानीनं आईचा हात धरला.

"आई, छापताना उलटं येतं," ती हळूच म्हणाली. "मी ते मुद्दाम तसंच ठेवलं होतं."

गीताबाईंनी चित्राकडे बघितलं, मग शिवकांताच्या पदराकडे. "च्या राहू द्या आता," म्हणाल्या. "गाडी गाठायची हाय."

सिरसाळ्याला परतताना भीमाशंकर गाडीत एकच वाक्य बोलला, "घातलीस का सगळ्यावर माती?" परळीहून फोन आला नाही. शिवानी मोबाईल उलटा ठेवून बसली होती.

घरी आल्यावर शिवकांतानं अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली आणि पूजेला बसली. चिंध्यांची घडी न्हाणीतल्या खुंटीवरच राहिली होती.

"ती घाल आधी," भीमाशंकर दारातून दबक्या आवाजात म्हणाला. "दुकानात बाया आल्यात."

ती उठली नाही. पूजा आटोपून तिनं डबी गळ्यात सोडली. ती डावीकडे कलली आणि वणावर टेकली. चांदी गार होती. शिवकांतानं त्यावर तळहात ठेवला आणि दुकानातल्या बायकांचं बोलणं ऐकत ती तशीच बसून राहिली.