साहेबांची मेल

नळ बनवणाऱ्या त्या कंपनीत मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंचं डोकं महिनाभर उठलं होतं. लॉटरीची बक्षिसं, टक्कल घालवणारी तेलं, परदेशी राजपुत्रांची गाऱ्हाणी. स्पॅमचा नुसता सुळसुळाट. साहेबांनी बजावलं होतं, "आठवड्यात हे थांबलं नाही, तर सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे." म्हणजे बाईंनाही नारळ.

बाईंनी कंबर कसली आणि नवा फिल्टर बसवला. नको असलेली मेल कशी असते, हे त्याला उदाहरणं देऊन शिकवावं लागतं. आता एवढी उदाहरणं वाचत कोण बसणार? बाईंनी ऑफिसातल्या प्रत्येकाचा जंक फोल्डर उचलला आणि न उघडता फिल्टरला खाऊ घातला. पठ्ठ्या हुशार निघाला. बुधवारपासून स्पॅम औषधालाही उरला नाही. बाई हवेत होत्या.

शनिवारी सगळे नेहमीसारखे कुरकुरत कामावर आले. अकराच्या सुमारास साहेब विसरलेला चष्मा न्यायला आले आणि दारातच थबकले.

"अरे, आज सुट्टी दिली, तरी सगळे हजर?" त्यांचे डोळे पाणावले. "मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं रे!"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. बाईंनी सर्व्हर उघडून पाहिला. साहेबांनी काल पाठवलेली सुट्टीची मेल फिल्टरने अडवली होती. साहेबांची मेल आली की न वाचता जंकमध्ये ढकलायची, ही ऑफिसची जुनी सवय. फिल्टर तेच शिकला होता.

गप्प बसलं तर नोकरी पक्की, वर साहेबही खूश. पण त्या ओल्या डोळ्यांसमोर बाईंना खोटं रेटवेना. केबिनमध्ये जाऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"माझ्या मेल कचऱ्यात टाकतं कोण?"

"सगळेच, साहेब," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा."

साहेबांचा चेहरा उतरला. बाईंना फार वाईट वाटलं.

"दिवसाला किती पाठवतो मी?"

"वीसेक."

"आणि त्यातल्या कामाच्या किती?"

बाईंनी टेबलावरचा चष्मा हळूच त्यांच्याकडे सरकवला.

साहेब उठले, बाहेर आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आज सुट्टी आहे. घरी जा!"

दोन मिनिटांत ऑफिस रिकामं. नोकरी गेलीच असं धरून बाईंनीही पर्स उचलली.

"बाई, सर्व्हर तुमच्याकडेच राहू दे," साहेब म्हणाले. "बाहेरच्याने मला हे सांगितलं नसतं."