हळू वळणारी दुर्बीण

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरून रोज फेऱ्या मारणारी मी एक जुनी दुर्बीण आहे. प्रचंड मोठा तारा मरतो तेव्हा गॅमा किरणांचा स्फोट होतो. ती झळक दिसताच मी गर्रकन वळायचे, मागे उरलेली धग विझण्याआधी टिपायची आणि जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींना जागा कळवायची, हे माझे काम.

मला घडवले आक्कांनी. आक्का म्हणजे आमच्या मुख्य अभियंता. धूळविरहित दालनात माझे नाजूक स्फटिक बसवताना त्या सगळ्यांना दटावायच्या, "शिंक आली तर आधी बाहेर पळा!"

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मग मला वळवणारे एक चाक अडकले आणि मी रखडत वळू लागले. तोवर चपळ नवी दुर्बीणही वर आली होती.

"हिला आता निरोप देऊ," मोहिमेचे प्रमुख म्हणाले. "ही वळेपर्यंत सगळं विझतं."

"जवळचं विझतं," आक्का म्हणाल्या. "विश्व पसरतंय, त्यामुळे फार लांबची धग आपल्याला सावकाश विझताना दिसते. ती हिला सापडेल."

"ठाऊक आहे हो. पण असा स्फोट दिसायला नशीब लागतं."

"मग नशिबाला जरा वेळ द्या की!"

प्रमुख हसले. मला वर्षभराची मुदत मिळाली.

ती संपत आली असताना एका दुपारी अंधूक झळक आली. नवी दुर्बीण तेव्हा पृथ्वीच्या पलीकडे होती. मी कशीबशी वळले. उशीर झाला, असेच वाटले. पण धग शिल्लक होती! मी जागा कळवली.

मोठ्या दुर्बिणींनी तो प्रकाश तपासला. विश्व अगदी तान्हे असताना तो निघाला होता. प्रमुख धावतच आक्कांकडे आले. "आक्का, त्या ताऱ्याभोवतीच्या वायूत लोखंड जवळजवळ नाहीच!"

"कुठून असणार? लोखंड ताऱ्यांतच घडतं. असे कितीतरी तारे मेले, तेव्हा कुठे ते साठलं," आक्का म्हणाल्या. "तुमच्या-माझ्या रक्तातलंसुद्धा."



मित्रांनो, माझी कक्षा आता खाली येते आहे. लवकरच मी हवेत जळून जाईन. एवढेच मागते, कुणी हळू वळत असेल तर त्याला इतक्यात मोडीत काढू नका. आणि बघत राहा. त्या वायूत चिमूटभर कार्बन होता. कार्बनही ताऱ्यांतच घडतो, म्हणजे त्या ताऱ्याच्याही आधी एखादा तारा जगून गेला असणार. तो अजून कुणीच पाहिलेला नाही.